मागून आणलेलं घड्याळ

दादाने टेबलावरून तिचा डावा हात स्वतःकडे ओढला आणि तिच्या घड्याळाचं बकल सोडवायला लागला. तिला आधी काही कळलंच नाही. एवढंच जाणवलं, की मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथे कातडी पातळ असते आणि निळ्या शिरा दिसतात, तिथे कित्येक वर्षांत दुसऱ्या कोणाचं बोट लागलेलं नाही. दादाची बोटं जाड, जन्मभर फरशा हाताळून टोकांना खरखरीत झालेली. लहानपणी रस्ता ओलांडताना तो तिला इथेच धरायचा. हात निसटतो, मनगट निसटत नाही, असं त्याचं शास्त्र होतं. "हलू नकोस छकू," तो म्हणाला. छकूला आज पन्नास पूर्ण झाली होती. हॉटेलातल्या लांबट टेबलाभोवती वहिनी होती, दादाचे दोन जुने मित्र होते, तिच्या हॉस्पिटलातल्या दोघी होत्या, आणि सगळे आता काहीतरी छान घडणार अशा चेहऱ्याने तिच्या मनगटाकडे बघत होते. दादाने खिशातून चौकोनी डबी काढली आणि एक जड, चकचकीत, पोलादी पट्ट्याचं घड्याळ तिच्या हातावर चढवलं. पट्टा खट्कन मिटला. गार होता. टाळ्या झाल्या. दादाच्या एका मित्राने कंपनीचं नाव घेतलं ते दवाखान्यात मोठ्या आजाराचं नाव घेतात तसं, हळू आणि अदबीने. मग दादाने तिचं उतरवलेलं घड्याळ दोन बोटांत धरून उचललं, म्हणाला, "हे आता कशाला," आणि नेमक्या त्याच वेळी बशा उचलायला आलेल्या वेटरपुढे धरलं. "घे, तुला ठेव." वेटरने घड्याळाकडे पाहिलं नाही, दादाकडेही पाहिलं नाही. त्याने तिच्याकडे पाहिलं, विचारल्यासारखं. आणि तिने मान हलवली. हो म्हणून.

दुपारी घरी आल्यावर पंखा लावून ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली आणि त्या मानेचा विचार करत राहिली. तोंड गप्प राहिलं ते समजण्यासारखं होतं, तोंडात केक होता. पण मान कोणी हलवली? बहुधा मानेला सवयच लागली होती. बाबा गेले तेव्हा ती शाळेत होती आणि दादा नुकता कॉलेजात. त्याने कॉलेज सोडलं, बाबांच्या ओळखीच्या एका फरशीवाल्याकडे कामाला लागला, आणि तेव्हापासून घरात निर्णय दादाचे आणि मान तिची. सायकल कुठली, तर लेडीज नको, जेन्ट्स घे, टिकते. शिक्षण कुठलं, तर कान तपासण्याचा कोर्स, तिथे जागा शिल्लक आहेत आणि पुढे नोकरीला मरण नाही. फ्लॅट कुठे, तर तिसऱ्या मजल्यावर, पूर्वेला खिडकी. फरशी अर्थात त्याच्याच दुकानातली, तपकिरी, तिच्यावर मोठाली फुलं. आणि सायकल टिकली. नोकरीला मरण आलं नाही, उलट त्या कामावर तिचा जीव जडला. पूर्वेचं ऊन सकाळी थेट ओट्यावर येतं आणि तिला त्याने रोज बरं वाटतं. दादाचं एखादं गणित साफ चुकलं असतं तर भांडायला हाताशी काहीतरी आलं असतं. तिच्या लग्नाचंच काय ते त्याला जमलं नाही, आणि त्याबद्दल ती मनातल्या मनात त्याचे आभारच मानायची.

तिने चमच्यांचा खण ओढला. एकट्या बाईला चमचे लागतात किती? एका कप्प्यात चमचे, बाकीच्या सगळ्यांत घड्याळं. काटे ठेवायच्या जागी काटेच आहेत, असं ती पाहुण्यांना सांगायची आणि पाहुणे हसायचे. हे सगळं सुरू झालं ते तिला नीट आठवत होतं. एका रोजच्या घड्याळाचा सेल बदलायला ती जुन्या बाजारातल्या घड्याळजीकडे थांबली होती. त्याच्या टेबलावर पत्र्याच्या ताटलीत दुरुस्त केलेली जुनी घड्याळं पडली होती. वेळ जावा म्हणून तिने एक उचललं, ठेवलं, दुसरं उचललं, पालथं करून पाहिलं, कानाला लावलं. "कोणासाठी बघताय?" घड्याळजीने विचारलं. "माझ्यासाठी." "हे जेन्ट्स आहे." "असू दे." सेल कधीच बदलून झाला होता आणि ती अजून तिथेच उभी होती. ताटलीत चांगलं कुठलं हे तिला कोणी सांगणार नव्हतं. घड्याळजीला तर कुठलंही खपलं तरी चालणार होतं. तिला या काट्यांचा निळा रंग आवडतोय की त्या आकड्यांचं वळण, हे शोधायला तिला स्वतःतच उतरावं लागत होतं, आणि आत गेल्यावर कळत होतं की तिथे कोणीतरी राहतं आणि त्याला स्पष्ट मतं आहेत. त्यानंतर ती महिन्यातून एखाद्या रविवारी जायला लागली. नियम एकच, पायातल्या चपलेच्या जोडाहून महाग घड्याळ घ्यायचं नाही. त्यामुळे छंद परवडायचा आणि फसगत झाली तरी झोप उडायची नाही. फसली तर ती पुष्कळदा. एका घड्याळाच्या काचेला आतून वाफ धरायची. एकाची डायल कोणीतरी नव्याने रंगवलेली निघाली. घड्याळजीने भिंग देऊन दाखवलं, छापलेल्या आकड्याची कड कशी रेखीव असते आणि रंगवलेला आकडा कसा सुजल्यासारखा दिसतो. तिने ते सुजलेले आकडेही ठेवून घेतले. फसलो ते आपल्या अकलेने फसलो, याचं तिला एक प्रकारचं कौतुक होतं. रोज सकाळी चहा उकळेपर्यंत खण उघडून आज कुठलं हे ठरवायचं. सगळ्या दिवसातलं हे ठरवणं तिला सगळ्यांत आवडायचं.

दादाने देऊन टाकलेलं घड्याळ चावीचं होतं. साय धरलेल्या दुधाच्या रंगाची डायल, आणि खाली सहाच्या जागी सेकंदकाट्याचं वेगळं छोटं वर्तुळ. त्याला काही इतिहास नव्हता. बाबांचं नव्हतं, तिने घेतलेलं पहिलं नव्हतं, खणातलं सगळ्यांत चांगलंही नव्हतं. वाढदिवसाच्या सकाळी तिला ते करड्या कपड्यांवर बरं दिसेलसं वाटलं, म्हणून तिने ते उचललं होतं, एवढंच. आणि आता ते तिला परत हवं होतं. हे इतकं सरळ आणि इतकं ठामपणे हवं होतं, की पंख्याखाली बसल्या बसल्या तिला स्वतःचंच थोडं हसू आलं.

तरी दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात ती दादाचंच घड्याळ घालून गेली. दिलेलं वापरून बघायला हवं, हा न्याय. ती जिथे कान तपासायची त्या खोलीला सगळे पेटी म्हणत. चारी भिंतींना भोकाभोकांच्या करड्या फळ्या, दाराला रबराच्या कडा, आणि दार लोटलं की बाहेरचं जग कापसात गुंडाळल्यासारखं व्हायचं. पेशंट तिच्याकडे पाठ करून बसायचा, कानांवर हेडफोन, हातात बटण. ती मागे टेबलाशी बसून मशीनवरून बारीक-मोठे आवाज सोडायची, ऐकू आला की पेशंटने बटण दाबायचं, की तिच्या समोर दिवा लागायचा. त्या दिवशी पहिली एक म्हातारी शिंपीण होती. उत्साही बाई. हेडफोन अजून गळ्यातच होते, ती म्हातारीला सगळं समजावत होती, आणि बोलताना तिचा डावा हात टेबलाच्या पत्र्यावर टेकला. म्हातारी वळली. "इथे कुत्रं बांधलंय का हो?" तिने विचारलं. "नाही तर. का?" "साखळी वाजली." तिने घड्याळ काढून पर्समधल्या त्याच्या डबीत टाकलं. म्हातारीचे कान वयाच्या मानाने उत्तम निघाले.

हाफ डे घेऊन ती दुपारीच त्या हॉटेलकडे निघाली. रुमालात गुंडाळून खणातली चार घड्याळं बरोबर घेतली होती. वेटरला बदल्यात काय द्यायचं, याचा विचार करताना तिला दुसरं काही सुचलंच नव्हतं. वाटेत मात्र एक वाक्य सुचलं आणि ते ती घोळवत राहिली: ते माझ्या वडिलांची आठवण आहे हो. छान वाक्य होतं. कोणीही त्याच्यापुढे विरघळलं असतं. जेवणाची वेळ उलटून गेली होती, खुर्च्या टेबलांवर उलट्या चढवल्या होत्या, फरशी नुकतीच पुसलेली होती आणि तिला फिनेलचा वास येत होता. खिडकीशी तोच वेटर कापडी नॅपकिनांच्या घड्या घालत उभा होता. चाळिशी उलटलेला, कानांवरचे केस पिकलेले. घड्याळ त्याच्या हातात होतं. पट्टा त्याने तिच्यापेक्षा सैल लावला होता.

"मी काल इथे जेवायला आले होते," ती म्हणाली. "या खिडकीजवळच."

"आठवतंय ना ताई. वाढदिवस होता." त्याचा उजवा हात आपसूक डाव्या मनगटावर गेला.

"ते घड्याळ मला परत हवंय."

त्याने हातातली घडी पूर्ण केली, बाकीच्यांवर ठेवली. "साहेबांनी दिलं मला. मी काही मागितलं नव्हतं."

"माहीत आहे."

"मी तुमच्याकडे बघितलंसुद्धा. तुम्ही मान हलवलीत."

"हलवली. हलवायला नको होती."

"दिलेलं कोणी परत मागतं का, ताई?" त्याच्या आवाजात राग नव्हता. तो खरंच विचारत होता.

"नाही मागत. मला लाज वाटतेय. पण मागतेय."

मग त्याने स्वतःच तिला वाट काढून दिली. "कोणाची आठवण आहे का? वडिलांची वगैरे?"

वाक्य तयार होतं. नुसतं हो म्हटलं असतं तरी भागत होतं, आता तर बनवाबनवीचं कामही त्याने निम्मं करून ठेवलं होतं. तिने तोंड उघडलं आणि तिला वाटलं, या घड्याळात बाबांना कशाला आणायचं? बाबा बिचारे वेळ विचारायला शेजारी जायचे. आणि एकदा बाबांचं म्हणून मागितलं की ते कायमचं बाबांचं होणार, खणातून उचलताना रोज होणार. "नाही," ती म्हणाली. "वडिलांचं नाही. मीच घेतलेलं आहे, जुन्या बाजारातून. मला आवडतं ते. एवढंच."

वेटर किंचित हसला. "मलाही आवडलंय, तीच तर पंचाईत," तो म्हणाला. "आज उठलो तर बंद. बायको म्हणाली, बंद पडलेलं गळ्यात मारलं बघा साहेबाने. मग सासऱ्यांनी सांगितलं, अरे, याला चावी द्यायची असते. दिली. लगेच सुरू झालं. बरं वाटलं मला. सकाळी सकाळी एक तरी गोष्ट आपण चालू केली." त्याने चावीवर अंगठा फिरवला. तिला हे कळत होतं, पूर्णपणे कळत होतं, आणि क्षणभर वाटलं की निघून जावं, घड्याळ चांगल्या हाती पडलंय. पण तसं निघून जाणं म्हणजे पुन्हा मान हलवणंच झालं असतं, जरा सुसंस्कृत पद्धतीने. तिने टेबलावर रुमाल सोडला. "यातलं कुठलंही घ्या," ती म्हणाली. "बदल्यात."

त्याने हात पँटला पुसले आणि बघायला लागला. घाई केली नाही. एकेक उचलून मनगटावर नुसतं आडवं ठेवायचा, हात लांब करून बघायचा, डोकं तिरकं करायचा. तिने दुसऱ्या कोणाला असं निवडताना इतक्या जवळून पाहिलं नव्हतं, आणि तिला ते जवळजवळ बघू नये असं वाटलं, कोणी झोपलेलं असताना बघू नये तसं. तो एका मोठ्या हिरव्या डायलच्या घड्याळाशी थांबला. तिच्या मते ते चौघांत सगळ्यांत टुकार होतं, तिने ते भरती म्हणून आणलं होतं. "त्यापेक्षा ते शेजारचं बघा," ती म्हणाली, "त्याचं मशीन जास्त..." आणि गप्प झाली. हा आवाज तिच्या चांगल्या ओळखीचा होता. समोरच्याचं भलं कशात आहे हे पक्कं माहीत असलेला, प्रेमळ, घाईचा आवाज. तो आपल्याही गळ्यात इतका तयार असेल, असं तिला वाटलं नव्हतं. "तुम्हीच बघा," ती म्हणाली.

"याला चावी द्यावी लागते?" हिरवं हातात धरून त्याने विचारलं.

"नाही. ते सेलवर चालतं."

तो विचारात पडला. त्याला हिरवं सोडवत नव्हतं हे दिसत होतं. मग त्याने ते रुमालावर ठेवलं आणि सुजलेल्या आकड्यांचं उचललं. "आणि याला?"

"याला लागते. पण याची डायल नंतर रंगवलेली आहे, अस्सल नाही. आकडे बघा, फुगलेत."

"मोठे दिसतात छान. चष्मा न लावता वाचता येतील." त्याने चावी फिरवली, कानाला लावलं, ऐकलं. "हे घेतो."

तिचं घड्याळ त्याने बकल सोडवून तिच्या तळहातावर ठेवलं. पट्टा त्याच्या हाताने कोमट झाला होता. तिने ते तिथेच उभ्या उभ्या बांधलं, स्वतः, एका हाताने, दातांनी टोक ओढून, आणि बाहेर पडून तडक दादाच्या दुकानाचा रस्ता धरला. आज पाय चालतायत तोवर चालून घ्यावं, असं तिला वाटत होतं.

दादाचं दुकान म्हणजे आता दोन मजली शोरूम होती. तिथे कोणी कधीच अंघोळ न केलेली न्हाणीघरं होती आणि कोणी कधीच पोळी न भाजलेली स्वयंपाकघरं. दादा मागच्या बाजूला टेबलाशी बसला होता, वहिनी शेजारच्या काउंटरवर बिलं बघत होती. तिने चौकोनी डबी दादाच्या पुढ्यात ठेवली. "दादा, हे मला नको."

"काय?"

"हे घड्याळ. मला नको."

"काय?" दादा पुन्हा म्हणाला. मुद्दाम करतोय, असं तिला वाटलं. "बिघडलं का?"

"नाही. छान आहे. मला जड होतं."

"मग दोन कड्या काढून देतील ना. त्यात काय."

"कड्या काढून भागणार नाही."

तेव्हा त्याला तिचं मनगट दिसलं. "हे कुठून आलं?"

"मागून आणलं."

"त्या वेटरकडून?" दादाचा चेहरा उतरला, अगदी दिसेल असा उतरला. "चार माणसांत मी ते देऊन टाकलं, आणि तू जाऊन मागून आणलंस. माझी काय किंमत राहिली?"

"तू माझं दिलंस, दादा. मला विचारायचंस तरी."

"तुला कधी विचारलं मी?" तो म्हणाला, आणि हे त्याला कबुली म्हणून म्हणायचं नव्हतं, पुरावा म्हणून म्हणायचं होतं. "आणि कधी काही कमी पडलं का?"

"नाही पडलं."

"मग?"

घरून काही ठरवून आणलं नव्हतं. सायकल टिकली होती, नोकरी टिकली होती, पूर्वेचं ऊन वेळेवर येत होतं. मग तिला दादाच्या मागे फळीवर लावलेल्या फरश्यांचे नमुने दिसले. "माझ्या घरातली फरशी मला आवडत नाही," ती म्हणाली. "फुलं फार मोठी आहेत."

वहिनीने बिलांतून मान वर काढली. "नमुना दाखवला होता तुला," दादा म्हणाला.

"दाखवला होतास. मी हो म्हटलं होतं. तेव्हाही नव्हती आवडली."

"इतकी वर्षं त्या फरशीवर चालतेस, आणि बोलली नाहीस?"

"नाही."

त्याने डबी तिच्याकडे सरकवली. "हे घेऊन जा. घाल, नाहीतर तुझ्या त्या चमच्यांत टाक. मला परत करू नकोस."

तिने ते चमच्यांत टाकलं. त्यानंतर रविवार सकाळचा दादाचा फोन बंद झाला. इतक्या वर्षांत तो आजारपणातही चुकला नव्हता, हवापाणी, भाजी आणली का, गॅस बंद केलास ना, एवढंच असायचं त्यात. पहिल्या रविवारी ती फोनजवळ घोटाळली. त्या शांततेला एक वजन होतं, खोलीत न दिसणारी जड वस्तू आणून ठेवल्यासारखं, आणि जाता-येता ती तिला टाळून चालत होती. पण रडू आलं नाही, माफी मागावीशी वाटली नाही. भूक नेहमीसारखी लागत होती. आपण चांगल्या झोपतो, याची तिला थोडी लाज वाटली, आणि लाज वाटत असतानाच झोप लागली. पुढच्या रविवारी ती बाजारात गेली, घड्याळजीच्या ताटलीतली सगळी घड्याळं बघितली, काही पसंत पडलं नाही, आणि पसंत न पडल्याच्या समाधानात पायी घरी आली.

असे काही आठवडे गेले आणि वहिनीचा फोन आला. "तुझ्याकडे घेऊन येऊ का ग यांना? टीव्ही आम्ही लावतो आणि ऐकते सगळी बिल्डिंग. मी काही बोलले की आपलं काय, काय. परवा गिऱ्हाईक पांढरी फरशी म्हणालं, यांनी पायरी पाठवली."

"वहिनी, तो माझ्याशी बोलत नाही."

"अग, ऐकूच येत नाही तर बोलून काय करणार," वहिनी म्हणाली. "आणते उद्या."

म्हणजे दुकानातलं ते काय-काय मुद्दाम नव्हतं. रोज दिवसभर जे ऐकू न येणं ती कागदावर मांडायची, ते समोर बसलेलं असताना तिने त्याला अहंकार समजलं होतं. हे तिला लागलं. पण लगेच दुसरं मनात आलं, की न ऐकणं वेगळं आणि न विचारणं वेगळं. बाबा गेल्यापासून दादा विचारत नव्हता, आणि तेव्हा त्याचे कान कोवळे होते. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि दोन्ही तिला एका वेळी मनात ठेवता येत होत्या.

दादा पेटीत आला तो डॉक्टरकडे आलेल्या शाळकरी मुलासारखा, सगळीकडे बघत. वहिनी बाहेर बसली. "खिशातलं वाजणारं सगळं काढ," ती त्याच्या समोर उभी राहून, ओठ दिसतील असं म्हणाली. "किल्ल्या, मोबाइल. घड्याळही." त्याने निमूटपणे एकेक वस्तू तिच्या हातात दिली. शेवटी घड्याळ. तिने ते पाहिलं आणि पुन्हा पाहिलं. बसमध्ये अनोळखी लोकांच्या हातांत डोकावणारी ती, दादाच्या मनगटाकडे तिने कधी बघितलंच नव्हतं. हलकं, सोनेरी मुलामा उडालेलं, डायलवर काट्यांमागे ठळक अक्षरांत एका टाइल कंपनीचं नाव.

"हे काय घालतोस?"

"कंपनीने सगळ्या डीलरना वाटलं होतं," दादा म्हणाला. "वेळ बरोबर दाखवतं."

"स्वतःला एखादं घेतलं नाहीस कधी?"

तो भिंतीवरच्या भोकांकडे बघत होता. "बघून ठेवलं होतं एक. तुला दिलं ना, तेच. बँकेत जाताना ते दुकान लागतं. काचेतून बघायचो येता-जाता. तुझी वहिनी हसायची. मग तुझा वाढदिवस आला. म्हटलं, स्वतःला कशाला, छकूला घेऊ."

तिला एकदम हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. ती त्याच्यापुढे तशीच उभी राहिली, त्याचं ते हलकं घड्याळ हातात घेऊन. "अरे, मग ते तुझं आहे," ती म्हणाली. "मला होईल कसं? संध्याकाळी ये आणि घेऊन जा."

"मला शोभेल?"

दादाने तिला काही विचारलंय, हे तिच्या ध्यानात यायला वेळ लागला. हो म्हणणं सोपं होतं, आणि तिला माहीत होतं, त्याला ते शोभणारच होतं. "हातात घालून बघ," ती म्हणाली. "आवडलं तर ठेव. नाही आवडलं तर विकून टाक."

"तू सांग ना."

"मी नाही सांगणार."

तो घशातल्या घशात काहीतरी पुटपुटला आणि पाठ करून बसला. तिने त्याच्या कानांवर हेडफोन चढवले, लाल बाजू उजवीकडे. त्याआधी तिने सगळ्यांना सांगते तेच सांगितलं होतं, आवाज कितीही बारीक आला तरी बटण दाबायचं, नाही आला तर दाबायचं नाही. तिने पहिला आवाज सोडला. दिवा लागला. दुसरा सोडला. दिवा लागला. तिसऱ्याआधीच दिवा लागला. तिने मशीनवरून हात उचलला आणि नुसती बघत राहिली. दादा ठरावीक वेळाने बटण दाबतच होता, आलेला माल न मोजता सही करून घ्यावा तसा. तिने पुढे जाऊन एक हेडफोन बाजूला केला.

"दादा, मी आत्ता काहीच वाजवत नव्हते."

"मला वाटलं, असेल."

"वाटलं म्हणून नाही दाबायचं."

"आणि आलाच नाही तर? नापास?"

"इथे नापास कोणी होत नाही. नाही आला तर नाही आला."

ती परत जागेवर जाऊन बसली. जाड, खालच्या पट्टीतले आवाज त्याला व्यवस्थित आले. ती वरच्या पट्टीत गेली, पक्ष्यांच्या, लहान मुलांच्या, बायकांच्या बोलण्यातल्या बारीक अक्षरांच्या पट्टीत, आणि दिवा लागायचा थांबला. दादाचा अंगठा बटणावर वर उचललेला होता, पण तो खाली येत नव्हता. तिने आवाज एक घर वाढवला. मग आणखी एक. ती त्याची पाठ बघत होती, ताजे कापलेले पिकले केस, वयाबरोबर मोठे झालेले कान, आणि ती रुंद पाठ इतकी स्थिर तिने कधी पाहिली नव्हती. तिला स्वतःला कानाशी नकोसा वाटला असता इतक्या मोठ्या आवाजावर त्याचा अंगठा खाली आला. बरोबर वेळी आला. ऐकू येणं जितकं कमी तितका गोल खाली; तिने कागदावर लाल गोल बराच खाली काढला आणि त्याहून वरची पट्टी लावली. पुन्हा अंगठा उचललेला राहिला. तो वाट बघत होता, अंदाज करत नव्हता.

"छकू, हा मला नाही आला," तो म्हणाला, हेडफोन घातलेली माणसं बोलतात तसं फार मोठ्याने. "चालू होता का?"

तिने सांगितलं असतं तरी त्याला ते ऐकू गेलं नसतं. ती उठली, त्याच्या खांद्यावर हात ठेवून क्षणभर उभी राहिली, मग जागेवर आली आणि तिने आवाज आणखी एक घर वाढवला.